रिव्हर्स गिअरमधला मानाचा बैल

"ट्रॅक्टर चार पायांवर उभा राहिला पाहिजे. वेशीएवढा बैल झाला पाहिजे," गोविंदराव पाटील म्हणाले आणि माझ्या वर्कशॉपमधल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले.

मी परभणीत नांगर, वखर, ट्रॉल्या बनवायचो. पाटील झरीकडचे. त्या उन्हाळ्यात त्यांनी बैलजोडी विकून ट्रॅक्टर घेतला. पोळा तोंडावर आल्यावर ध्यानात आलं की वेशीतल्या तोरणाखालून पहिलं जायचा मान त्यांच्या घरच्या बैलाचा. बैलच नाही, तर मान जाणार चुलतभावाकडे. निवृत्तीराव. दोघांत कित्येक वर्षं बोलणं बंद. पंच म्हणाले, "तुमच्या ट्रॅक्टरचा बैल होत असंल तं तो पहिला." पंच चेष्टा करत होते. पाटलांनी ती मनावर घेतली.

"टीव्हीवर मोटारीचा माणूस होतो. मंग ट्रॅक्टरचा बैल का न्हाई?"

"ते कार्टून असतं, पाटील."

"काम सांगितलं तं तुमी कारणं सांगायलात."

मग मी समजावलं. वस्तू सगळ्या बाजूंनी दुप्पट केली की वजन आठपट होतं. पायाची ताकद मात्र त्याच्या जाडीवर ठरते, ती चारपटच वाढते. म्हणून बकरी उड्या मारते, हत्ती मारत नाही. एवढं धूड पाय उचलून चालायला लागलं तर पहिल्याच पावलाला आडवं होईल.

पाटलांनी शांतपणे ऐकलं. "मंग पाय ऱ्हाऊ द्या. चाकं झुलीत झाकू. मुंडकं तरी उठवा."

हे जमण्यासारखं होतं. ट्रॅक्टरला हायड्रॉलिक असतं, म्हणजे तेलाच्या दाबानं नांगर वर उचलणारे दोन दांडे. त्यावर पाइपची मान आणि पत्र्याचं मुंडकं बसवलं. लिव्हर ओढली की मान वर. अडचण एकच. हे दांडे असतात मागच्या बाजूला.

"म्हंजे बैल उलटा चालणार?"

"बैल सरळच चालेल. ट्रॅक्टर उलटा चालेल."

पाटलांना पटलं. पण रोज येऊन ते शिंगं वाढवायला लावायचे. ट्रायलला मुंडकं उचललं आणि पुढची चाकं जमीन सोडून वर. मागे वजन जास्त झालं होतं. मी बॉनेटवर वाळूची पोती टाकायला सांगितली.

"सणाला वाळूची पोती? बैल हाय का गाढव?"

"मग माणूस बसवा. वजनदार."

"मीच बसतो. मालकानं न्हाई बसायचं तं कोणी?"

बॉनेट म्हणजे बैलाची शेपटीकडची बाजू, हे मी बोललो नाही. एवढंच बजावलं की मुंडकं वर असेपर्यंत उतरायचं नाही.

पोळ्याला मी मुद्दाम गेलो. ड्रायव्हर मान वळवून रिव्हर्समध्ये हळूहळू आला. मागे बॉनेटवर पाटील, फेटा बांधून. वेशीपाशी लिव्हर ओढली. मान उठली, बेगड लावलेली शिंगं तोरणाच्याही वर गेली. सगळं गाव माना वर करून बघायला लागलं. खोटं कशाला सांगू, माझी छाती फुगली. तोरणापाशी, मुंडक्याच्या समोरच निवृत्तीराव आपला म्हातारा बैल धरून उभे होते, तोंड पाडून. पंचांनी पाटलांना मान देऊन टाकला.

तेवढ्यात गुरव म्हणाला, "मालक, या. बैलाम्होरं नारळ फोडा."

पाटील टुणकन उतरले.

मी ओरडलो, पण हलग्यांत कोण ऐकतंय. पुढची चाकं उठली आणि ते भलंमोठं मुंडकं सावकाश खाली येत निवृत्तीरावांच्या बैलाच्या पायांशी टेकलं. बैलानं ते एकदा हुंगलं, वळसा घातला आणि तोरणाखालून आत गेला.

पाटील नारळ हातात धरून उभे. निवृत्तीराव जाता जाता थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलले. "दादा, तुमच्या बैलाला वळण लय चांगलं हाय."

दुसऱ्या आठवड्यात पाटलांनी सेलूकडून खिल्लारी जोडी आणली. मुंडकं मला परत पाठवलं.

पुढे वर्कशॉपात कुणीही नवं यंत्र मागितलं की मी आधी एकच विचारायचो. याची पूजा कोण करणार, आणि तेव्हा तो कुठं उभा असणार?