पुलावरच्या साहेबाला सांगितलेलं

धाराशिवच्या स्टेशनावर उतरताच आन्नाआत्या म्हणाली, "आता पुलावर सांगेन. तोवर विचारू नकोस."

पुण्यापासून मी एकच प्रश्न विचारत होते. ती आणि तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे बाबा, शेवटची बारा वर्षं एकमेकांशी का बोलले नाहीत? बाबा गेल्या वर्षी वारले. आत्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे. मग विचारायचं कधी?

आमचे पणजोबा युरोपातले, चेक. निजामाच्या काळात ते पूल बांधायला या भागात आले आणि इथलेच झाले. बेंबळीच्या पुढं एका ओढ्यावरच्या पुलावर त्यांनी संत यान नेपोमुक यांची दगडी मूर्ती बसवली. राणीनं देवासमोर आपल्यापाशी कबूल केलेली गोष्ट राजाला सांगायला या धर्मगुरूनं नकार दिला, म्हणून राजानं त्याला पुलावरून नदीत फेकलं, अशी कथा. तेव्हापासून तो पुलांचा आणि गुपितांचा राखणदार. जे कुणालाच सांगता येत नाही ते आयुष्यात एकदा तरी त्याच्यापुढं जाऊन सांगायचं, ही आमच्या घरची रीत.

बाबा त्या पुलावर कधी गेले नाहीत. ते लोकांची बिंगं फोडणारी पत्रकं काढायचे. शाळेत जायच्या आधी मी त्या पत्रकांच्या घड्या घालायला शिकले. लपवाछपवी हेच सगळ्या जुलमाचं मूळ, हे वाक्य मी मुळाक्षरांबरोबर गिरवलं आहे.

एसटी दीड तास उशिरा आली. बेंबळीत सलीमभाईंची रिक्षा मिळाली, ती वाटेत पंक्चर झाली. स्टेपनी होती, जॅक नव्हता. सलीमभाई निवांत फोन लावत बसले, आत्या बाभळीखाली जपमाळ घेऊन बसली. घाई फक्त मला होती.

पूल दिसला तेव्हा डोकं आणखी तापलं. संताच्या कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूचा हार, डोक्याभोवतीच्या पाच ताऱ्यांपैकी दोनच उरलेले, आणि पायाशी मुंग्या लागलेली कपबशी. शेजारच्या शेतातले मल्लिनाथअप्पा म्हणाले, हा पुलावरचा साहेब. पूल यानंच बांधला, आणि साहेबाला चहा लागतो. मी त्यांना बजावलं की पूल बांधणारे आमचे पणजोबा, हे संत, आणि दगडाला चहा पाजणं ही शुद्ध अंधश्रद्धा.

"आसंल," अप्पा म्हणाले. "पर ऐकून तर घेतो न्हवं? आन् गावात बोंब करत न्हाय. तेवढं तुमाला जमंल का?"

सलीमभाई हसले. आत्याही हसली, त्याचा मला जास्त राग आला.

अप्पांच्या बायकोनं भाकरी आणि शेंगोळ्या (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्यांची आमटी) वाढल्या. मग तिनं साहेबापुढं ताजा चहा ठेवला. ताजा चहा दिसला की कुणीतरी साहेबाशी बोलणार, तेव्हा बाकीच्यांनी लिंबाच्या झाडापर्यंत मागं व्हायचं, असा इथला दंडक. पलीकडून आलेल्या दोन मोटारसायकलीसुद्धा मुकाट थांबल्या.

"तूही जा," आत्या मला म्हणाली.

"तू पुलावर सांगेन म्हणाली होतीस."

"सांगतेय की. याला."

मी लिंबापाशी गेलेच नाही. रागानं कोरड्या ओढ्यात उतरले आणि कमानीखालच्या सावलीत बसले. वरचं पाणी वाहून जायला पुलाला भोक ठेवलेलं आहे. त्यातून आत्याचा आवाज थेट खाली येत होता. उठून जाता आलं असतं. गेले नाही.

इतकंच लिहिते. गुपित आत्याचं नव्हतं, बाबांचं होतं. त्यांनीच तिला शपथ घातली होती. आणि जिला सगळं ठाऊक आहे तिच्या नजरेला नजर देता येईना, म्हणून त्यांनीच बोलणं सोडलं.

परतीच्या एसटीत आत्यानं खिडकी ओढून घेतली. मग म्हणाली, "कमानीखाली गार होतं ना गं?"

"होतं," मी म्हणाले.

घरी आल्यावर सवयीनं सगळं लिहून काढलं. चार पानं झाली, वर मथळाही दिला. बाबांनी हे दुसऱ्या कुणाबद्दल छापलं असतं, आणि घड्या मीच घातल्या असत्या. पानं फाडली.

अप्पांना कळवायला हवं, बोंब न करणं जमतंय. पण जीव नुसता तळमळतो.