एका चिमट्यात दोन कपडे

गच्चीवर कपडे वाळत घालताना मी शेजारशेजारच्या दोन कपड्यांची टोकं एकाच चिमट्यात धरते. चिमटे पुरतात आणि वाऱ्यानं काही उडत नाही. आज माझी धाकटी नणंद मंजिरी तिथंच पुस्तक घेऊन फेऱ्या मारत होती. ती नर्स आहे. परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनाच्या पेपरानं तिला दोनदा अडवलंय. उद्या तो पुन्हा आहे.

"वहिनी, मी वाक्यं सुटी सुटी लिहिते, तिथं मार्क जातात," ती म्हणाली. "जसं की, पाणी आलं नाही. कपडे राहिले. इंग्रजीत मध्ये एक 'विच', म्हणजे आपलं 'ज्यामुळे', घातला की कारण आणि परिणाम एकाच वाक्यात बसतात. तुझ्या या चिमट्यासारखं."

"मग लाव चिमटे. मी ऐकतेय."

तिनं लावले. उन्हाला सुकलेली तुळस जोडली, उतू गेलेल्या दुधाला माझी चिडचिड. मला त्या भाषेचं कौतुक वाटलं आणि हिचं जास्त. माझ्या रोजच्या यादीत कामं एकाखाली एक असतात. कशामुळे काय झालं, हे तिथं कधीच येत नाही. घर मात्र त्यावरच चालतं.

शेवटचं वाक्य तिनं आधी इंग्रजीत आणि मग माझ्यासाठी मराठीत म्हटलं, "वहिनीनं महिनाभर स्वयंपाकघर एकटीनं सांभाळलं, ज्यामुळे मला अभ्यास करता आला."

"दोन महिने," मी म्हटलं, आणि तिच्या ओढणीचं टोक माझ्या साडीच्या टोकावर ठेवून चिमटा लावला.