मल्लेश्वरममध्ये मी दुभाषी झाले

मिरजेहून निघालेली गाडी बेंगळूरला पोचली तेव्हा हवेत छान गारवा होता आणि मी भलतीच खुशीत होते. बावीस वर्षं बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवणारी बाई मी. सुट्टी लागली होती, आतेबहिणीकडे राहायचं, चिकपेटात साड्या घ्यायच्या, एवढाच बेत. रिक्षावाल्याने वळसा घालून मल्लेश्वरमला नेलं. मी मराठीतून भांडले, तो कन्नडमधून.

सुमनक्काचं (तिच्या सासरी तीन पिढ्या इथेच, म्हणून ताईची अक्का झालेली) घर बाजारापासून दोन पावलांवर. तिने अक्की रोटी (तांदळाच्या पिठाची, कांदा-मिरची घातलेली भाकरी) केली होती. मी तीन हाणल्या. संध्याकाळी फुलबाजारात फिरताना ती भेटेल त्याला सांगत सुटली, आमची कुसुम मुक्यांना बोलतं करते. मीही ‘काहीतरीच तुझं’ म्हणत ते ऐकून घेत होते.

ते कौतुकच अंगाशी आलं. सकाळी गल्लीतल्या सरकारी दवाखान्याची नर्स बोलवायला आली. लक्ष्मम्मा नावाची बहिरी शिंपीण पायाची जखम चिघळून, तापाने फणफणत एकटीच आली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं आणि तिचं म्हणणं कुणाला कळेना. स्वल्प (थोडं) येता का, नर्स म्हणाली. मी पदर खोचून सुमनक्काला घेऊन निघालेच.

डॉक्टर हिंदीत बोलले. इंजेक्शन द्यायचंय, पूर्वी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का, एवढंच विचारा. खुणांची भाषा शिकलेला दुभाषी हवा म्हणून त्यांनी वर कितीदा लिहिलं होतं. उत्तर एकच, एखादी शिक्षिका बोलवा की.

सुमनक्काकडून कन्नड वाक्य घोकून घेतलं आणि ओठ ठळक हलवत मी विचारलं. लक्ष्मम्माने हात उचलले, बोटं भराभर चालू लागली. आणि मी काय करावं? मी ते दोन्ही हात धरून तिच्या मांडीवर दाबले. आमच्या शाळेत असंच करतात. हातवारे केले की मूल बोलायचं सोडतं, असं आम्हाला शिकवलंय.

"तोंडानं," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. होकाराची की नकाराची, कोण जाणे. मला कळलं नाही, एवढंच डॉक्टरांना सांगायचं होतं. पण बावीस वर्षांचा ताठा! मी सांगितलं, "कधी त्रास झाला नाही म्हणते."

इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर-नर्स धावले. मी भिंतीला टेकून देवाचा धावा करत होते. ती वाचली, त्यात माझं काही नाही. डॉक्टरांना मी खरं ते सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुपारी तिचा नवरा आला, तोही बहिरा. बरोबर रेवती नावाची बँकेतली बाई होती. तिचे आईवडील बहिरे, त्यामुळे ती हातांनीच बोलत मोठी झालेली. लक्ष्मम्माचे हात हलले. सकाळी ती हेच सांगत होती, की मागे याच इंजेक्शनाने श्वास कोंडला होता. मग रेवतीने मला विचारलं, "ह्या विचारतायत, तुमची मुलं तुम्हाला दुखलंखुपलं सांगतात कसं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चिकपेटला मी गेलेच नाही. सुमनक्काने बांधून दिलेली चटणीपूड घेऊन दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी धरली.

शाळा सुरू झाली त्या दिवशी माझ्या वर्गातली नीलम तिच्या मैत्रिणीला सुट्टीतलं काहीतरी हातांनी रंगवून सांगत होती. मला पाहताच तिने हात पाठीमागे लपवले. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सावकाश म्हणाले, "माझं चुकलं, हे हातानं कसं सांगतात? मला शिकव."

तिला सगळं कळलं होतं, ओठ वाचायला मीच शिकवलंय तिला. पण तिला वाटलं, मी तिला पकडायला बघतेय. तिने हात बाहेर काढलेच नाहीत.