पाठमोरे मामा

मामा पोकलेनवरून उतरायला लागले की खालच्या माणसाला आधी त्यांची पाठच दिसायची. तोंड मशीनकडे, दोन्ही हात दांडीला, पाय चाचपत पायरीवर. जमीन लागेपर्यंत वळून बघायचं नाही; मग मागून मालक हाक मारो, नाहीतर घरून डबा येवो. जासईजवळच्या त्या दगडखाणीवर सगळे त्यांना 'पाठमोरे मामा'च म्हणत.

मी तिथे सेफ्टी सुपरवायझर होतो. हे वाक्य हल्ली मी हळू आवाजात म्हणतो. ऐरोलीहून इस्त्रीचा शर्ट आणि ताजं सर्टिफिकेट घेऊन आलो होतो. पहिल्याच दिवशी मशीन आतून बघायला चढलो आणि उतरताना ऐटीत उडी मारली. खडीत असा बसलो, की पुढचे दोन दिवस उभ्यानेच जेवलो. मामा कॅबिनमधून म्हणाले, "साहेब, मशीन म्हंजे सासरा. त्याला पाठ दाखवून निघायचं नाय. तुमच्या पुस्तकात नाय लिवलेलं?"

लिहिलेलं होतं. मी ते परीक्षेपुरतं वाचलं होतं.

मामांची भातशेती कधीच कंटेनर यार्डाखाली गेली होती. "पयलं बैल हाकलं, आता ह्यो हाकतो. लाथ दोघंबी मारतात," असं म्हणायचे. जेवणानंतर मशीन चालू करण्याआधी पान्याने ठोकत, "कोन हाय का?" ओरडत एक फेरी मारायचे, कारण मशीनच्या सावलीला कोणी ना कोणी आडवं झालेलं असायचं. दोनदा तिथून मीच निघालो. सेफ्टीचं पिवळं जॅकेट उशाला घेऊन.

मग सुरक्षा सप्ताह आला. बोर्डावर लावायला 'सुरक्षित ऑपरेटर'चा फोटो हवा होता. दुसरं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही. मी मोबाइल धरून खाली उभा राहिलो. मामा नेहमीसारखे उतरू लागले आणि फोटोत नेहमीसारखी पाठ आली.

"मामा, तोंड दिसत नाही! इकडे बघा की!"

"उतरलो की बघतो ना."

"अहो, उतरतानाचाच पाहिजे. एकदाच. हसा जरा!"

मुलाच्या वयाच्या माणसाचं मन त्यांना मोडवेना. ते वळले. एक हात सोडून हसले. पायरीवर ग्रीस होतं. उंची ती किती, माझ्या छातीएवढी. पण टाच अशी फुटली की ऑपरेशननंतरही ती नीट टेकली नाही.

रिपोर्ट मीच लिहिला. 'ऑपरेटरने उतरताना मशीनकडे पाठ केली.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. का केली, हा रकाना फॉर्मवर नव्हता. असता तर मी तो भरला असता का, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच सांगत नाही. मोठे साहेब हॉस्पिटलात चौकशीला आले तेव्हा मी दाराशी उभा होतो. मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझाच पाय सटाकला, साहेब. कोनाची चूक नाय."

पोकलेन पुढेमागे न्यायला पेडल दाबावं लागतं. मामा पुन्हा कॅबिनमध्ये बसले नाहीत. मी मात्र नोकरीत राहिलो. आता घरी बल्ब बदलून झाला की स्टूल दोन्ही हातांनी धरून, पाठमोराच उतरतो. बायको म्हणते, "स्टूल आहे, गड नाही!" मी हसतो.

गेल्या महिन्यात मामांकडे गेलो. काठी टेकत बाहेर आले, माझ्यासाठी चहा सांगितला, खाणीवरच्या एकेकाची चौकशी केली. निघताना म्हणाले, "साहेब, तो माजा फोटो कसा आला ओ?"

"हलला, मामा. काढून टाकला."

"जाऊ दे. तसं बी माजं तोंड कुठं फोटोचं हाय!"

फोटो हललेला नाही. मोबाइलमध्ये आहे. एक हात मोकळा सोडून मामा माझ्याकडे बघून हसतायत. तोंड अगदी स्पष्ट आलंय.