डब्यातलं लोखंड

गिऱ्हाईक दुकानात आलं की बापू आधी त्याच्याशी भांडत आणि मग त्याला बसायला स्टूल देत. नंदुरबारला बसस्टँडमागच्या गल्लीत झेरॉक्सवाला आणि चष्मेवाला यांच्या मधोमध त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांब टेबल, एक लोखंडी रॅक आणि डोक्यावर कुरकुरणारा पंखा. बाहेर पाटी होती: ‘कॉम्प्युटर जोडून मिळणार नाही. जोडायला शिकवू.’ पाटी वाचून निम्मे लोक परत जात. जे आत येत, त्यांना बापूंचा राग ऐकावा लागे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं गाव तापीकाठी, नंदुरबारहून तासाभरावर. सुरतच्या मावसभावाकडे सुट्टीत मी गेम खेळायला शिकले होते आणि मला स्वतःचा पीसी हवा होता, हातात पैसे बेताचे असूनही. मेन रोडवरच्या एका मोठ्या दुकानात काचेची पेटी पाहिली होती. आत सात रंगांचे दिवे, समोर ‘गेमिंग पीसी’ असं स्टिकर, किंमत माझ्या आवाक्यात. तिचा फोटो मी बापूंना दाखवला आणि विचारलं, “असा इथे स्वस्तात होईल का?”

त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एकदम ओरडले, “हाई काय लगीनना मांडव शे का? तुले खेळनं शे का शेजारीले लाइटा दखाडनं शे?”

बापू पूर्वी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले, पण त्यांच्या डोक्यात सगळा हिशेब बसचाच राहिला. कॅबिनेट म्हणजे बॉडी, प्रोसेसर म्हणजे इंजिन, ग्राफिक्स कार्ड म्हणजे घाट चढायची ताकद. “बॉडी दखीसनी बस लेतस का कोनी? पयले इंजिन दखाड म्हना!” हे वाक्य त्यांनी निदान पन्नास जणांना ऐकवलेलं मी त्या टेबलाशी बसून पाहिलं. तयार पेटी विकणारा खर्च करतो तो दिसेल तिथे, म्हणजे काचेवर आणि दिव्यांवर. आणि वाचवतो तो दिसणार नाही तिथे. म्हणून थोडक्या पैशात मशीन घ्यायचं तर प्रत्येक भाग आपण निवडायचा, असं त्यांचं म्हणणं. कार्ड जुनं चालेल, पण आपल्यासमोर तासभर चालवून घ्यायचं. कॅबिनेट साधी पत्र्याची. वीज पुरवणारा डबा मात्र, ज्याला बाजारात एसएमपीएस म्हणतात, तो चांगलाच घ्यायचा. आमच्या गावाकडे व्होल्टेज कसं नाचतं ते त्यांना माहीत होतं. “गाडी हळू चालनी तं चाली जाई. पेटनी तं काय करशी?”

पण जोडण्याचा हट्ट ते सरसकट करत नसत. एकदा एक नर्सबाई मुलासाठी विचारायला आल्या. बारा-बारा तासांची ड्यूटी, घरी दुसरं कोणी नाही. बापू त्यांच्यावरही आधी खेकसले आणि मग त्यांनीच एका बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसातलं जुनं मशीन शोधून दिलं. “हाई तयार शे. नुसतं कार्ड टाका आनि पोऱ्याले खेळू द्या,” म्हणाले. त्यांना चीड तयार मशीनची नव्हती. आत काय आहे ते लपवण्याची होती.

माझ्या वेळी आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याबरोबर आले. स्टुलावर बसून त्यांनी विचारलं, “आंडेरले गेमना डबा कसाले?” आंडेर म्हणजे मुलगी. बापूंनी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर आपटला. “पोऱ्यानी मांगं ऱ्हातं तं इतलं इचारतात का तुम्ही?” आबांशी गावात कोणी असं बोलत नाही. ते लाल झाले, पण उठले नाहीत.

मशीन मी तीन रविवारांत जोडलं. बापू समोर चहा पीत बसायचे आणि बोट लावायचे नाहीत. “मन्हा हात लागना का मशीन मन्हं व्हई जास,” म्हणायचे. तिसऱ्या रविवारी बटण दाबलं तर काहीच झालं नाही. दिवा नाही, पंखा नाही. मी विचारलं, “बापू, काय चुकलं?” ते म्हणाले, “दख.” तासभर मी पाहत होते. रागाने माझे डोळे भरून आले होते आणि हा म्हातारा रस्त्यावरची रिक्षा बघत बसला होता. शेवटी सापडलं: चालू करायच्या बटणाची दोन तारांची बारीक वेणी मी आतल्या मुख्य पाटीला लावलीच नव्हती. ती लावली आणि पंखा फिरला. बापूंनी वळूनही पाहिलं नाही, फक्त कप खाली ठेवला. त्या मशीनवर मी तीन वर्षं खेळले, आणि ते का चालतं हे मला माहीत होतं. मशीन जोडलं तेव्हापासून कॉलेज सुटल्यावर मी बापूंच्या दुकानात जाऊन बसू लागले.

तिथेच दिलवर भेटला. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी तरुण. तो आणि त्याची बायको कितीतरी हंगाम गुजरातेत ऊसतोडीला गेले होते. आता पुन्हा जायचं नाही असं ठरवून त्याने धडगावला कचेऱ्यांच्या जवळ एक गाळा घेतला होता: सकाळी ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, संध्याकाळी पोरांना गेम खेळू द्यायचे. पहिल्या दिवसापासून मशीन चालायला हवं म्हणून त्याने मेन रोडच्या त्याच दुकानातून दोन तयार गेमिंग पीसी घेतले. जीपमध्ये बाकीचे प्रवासी दाटीवाटीने बसलेले असताना नवरा-बायकोंनी ते गोधडीत गुंडाळून मांडीवर धरून घाटातून वर नेले होते.

पंधरवड्यात त्यातलं एक मशीन फाटकन आवाज करून जळलं. त्याच्या बायकोचा हात मागच्या बाजूला होता, तळवा भाजला. दिलवर मशीन घेऊन त्या दुकानाच्या शेठकडे गेला. शेठ म्हणाला, घाटात धक्के बसले असतील, आमची जबाबदारी नाही. कोणीतरी त्याला बापूंचं नाव सांगितलं. तो आला तेव्हा मी दुकानातच होते.

बापूंनी त्याला भांडायच्या आधीच बसायला स्टूल दिलं, तेव्हाच मला विचित्र वाटलं. त्यांनी वीजपुरवठ्याचा डबा काढून तळहातावर तोलला. म्हणाले, “वजन तं बराबर शे.” मग चार स्क्रू काढून झाकण उघडलं. आत सर्किटची पोस्टकार्डाएवढी पातळ पाटी, दोन-चार बारीक सुटे भाग, आणि एका बाजूला गोंदाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. डबा चांगल्या डब्याइतका जड लागावा म्हणून घातलेलं लोखंड. बापूंनी तो उघडा डबा उचलला, पायात चपला सरकवल्या आणि चालू लागले. दिलवर मागे, मी त्याच्या मागे.

भर दुपार होती. मिरचीचा हंगाम, रस्त्यावर नाकाला झोंबणारी हवा. शेठच्या दुकानात गिऱ्हाइकं होती. बापूंनी डबा काउंटरवर ठेवला.

“हाई काय शे? सांग. हाई करंट देस का?”

शेठ हसला. “बापू, पेटी उघाडी ना तुम्ही? आते वॉरंटी गई.”

“वॉरंटी गई? त्यानी बायकोना हात गया! उघाडी नही ऱ्हाती तं हाई लोखंड कोनले दिसतं?” बापूंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. माणसं जमली. त्यांत मिरची बाजारातले तोलणारे होते, हमाल होते. त्यांतल्या एकाने लोखंडाचा तुकडा पाहिला आणि म्हणाला, “आम्ही पोतामा बी इतला मोठा गोटा टाकतस नही भो!” सगळे हसले. काहींनी फोनवर फोटो काढले. कोणी काही फोडलं नाही, कोणी कोणाच्या अंगावर गेलं नाही. दिलवर तर दारातच उभा होता, एक शब्द न बोलता. शेठचा चेहरा उतरला आणि त्याने जळलेलं मशीन बदलून देतो असं सगळ्यांसमोर कबूल केलं. आम्ही परत आलो तेव्हा मला वाटलं होतं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी शेठने पोलिसांत तक्रार दिली: बापू आणि दिलवर यांनी दुकानात शिरून तोडफोड केली, धमकावलं. चौकशीला दोघांनाही बोलावलं. आता तोडफोड झाली नाही हे सांगणारं कोणीतरी हवं होतं. ते जे हसले होते, ते सगळे त्या दिवशी कुठेतरी दुसरीकडे होते म्हणे. फोटो काढणाऱ्यांचे फोटो पुसले गेले होते. अशा माणसांची मला किळस येते, अजून येते. पण त्यांच्याबद्दल मी जास्त बोलू नये, कारण मी काय केलं ते मला माहीत आहे.

शेठचा भाऊ मिरचीचा अडत्या. आमची मिरची वर्षानुवर्षं त्याच्याकडे जाते. आबा मला म्हणाले, “तू तठे व्हतीच नही.” मी भांडले, जेवले नाही, दार लावून बसले. पण जबाब द्यायला गेले नाही. चार दिवस कॉलेजलाही गेले नाही, कारण रस्ता बापूंच्या दुकानावरून जायचा.

पाचव्या दिवशी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात मिरचीच्या व्यवहारामुळे शेठ आणि बाजारातली माणसंही होती, बापूंचा माफीनामा आला. त्यांच्याच अक्षरात: माझ्याकडून चूक झाली, मी शेठची माफी मागतो. शेठने तो फ्रेम करून काउंटरमागे लावला. तो पाहून मला बापूंचाच राग आला. जो माणूस माझ्या बापाला सुनावतो, तो असल्या चोरापुढे वाकतो? मी माझी लाज त्या रागाखाली झाकून टाकली. फार सोयीचं होतं ते.

बापूंचं दुकान वर्षभरात बंद झालं. माफी मागितलेल्या माणसाकडून कोणी सल्ला घेत नाही. ते विसरवाडीला मुलीकडे राहायला गेले. जावयाचं हायवेवर चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. मी नोकरीसाठी नाशिकला निघण्याआधी त्यांना भेटायला गेले. ते बाकावर बसले होते, समोरून ट्रक जात होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, न भांडता. मी कशीबशी म्हणाले, “बापू, मी जबाब दिला नाही.”

मला वाटलं, जाऊ दे म्हणतील.

“कोनी मांगा नही तरी जबाब देवाले पाहिजे व्हता, पोरी,” ते म्हणाले. आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आले. चहा मी प्यायले.

माफीनाम्यामागची गोष्ट मला दिलवरने पुढे दोन वर्षांनी सांगितली. धडगावला त्याच्या गाळ्यात गेले होते. टेबलावर तीन मशीनं, तिन्ही त्याने स्वतः जोडलेली. तो म्हणाला, “ताई, शेठचा निरोप आला होता. म्हातारा माफी मागेल तर दोघांवरची तक्रार मागे घेतो, नाहीतर पावऱ्याच्या पोराला तारखांना फिरवतो. मी बापूंना सांगितलं, मी फिरेन. नंदुरबारला यायचं-जायचं म्हणजे एकेक दिवस जातो, तरी फिरेन. ते म्हणाले, तुझा गाळा बंद पडेल. आणि माझ्यासमोर बसून लिहिलं. लिहिताना शिव्या देत होते. मला, शेठला, पेनलासुद्धा.”

म्हणजे बापू चोरापुढे वाकले ते दिलवरच्या गाळ्यासाठी. आपल्या मिरचीसाठी अडत्यापुढे वाकलो होतो ते आम्ही.

गेल्या महिन्यात बापू गेले. झोपेतच गेले, विसरवाडीला. बातमी मला त्याच गावच्या ग्रुपवर कळली, आणि तिच्याखाली पहिला संदेश शेठचा होता. हात जोडलेले, दिवा, फुलं. ‘कॉम्प्युटर क्षेत्रातलं मोठं व्यक्तिमत्त्व हरपलं. आमचे जुने स्नेही.’ त्याच्याखाली एकामागोमाग एक हात जोडले जाऊ लागले. त्यांत त्या दुपारी हसलेली माणसं होती.

नाशिकच्या ऑफिसात जेवणाची सुट्टी होती. डबा तसाच ठेवून मी लिहायला घेतलं. कोणती दुपार, काउंटरवर काय ठेवलं होतं, मशीनच्या डब्यात किती मोठं लोखंड होतं, कोणाचा हात भाजला होता, शेठ सगळ्यांसमोर काय कबूल झाला. कोणी काही फोडलं नाही. माफी का लिहिली गेली. मी तिथे होते आणि भ्याले, हेही लिहिलं. शेवटी माझं पूर्ण नाव, गावासकट, आणि पाठवून दिलं.

हात जोडणं थांबलं. पाच मिनिटांत आबांचा फोन आला.

“काय लिखी टाकं तू हाई? पुसी टाक. शेठना भाऊना फोन ऊना व्हता माले.”

“पुसणार नही आबा,” मी म्हणाले. “औंदा मिरची दुसरा अडत्याकडे ली जा.”

पलीकडून आबांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.