तीन दिवस बिनदाराचं घर

गेल्या आठवड्यात आमच्या डहाणू-मसोलीच्या घराचं दार तीन दिवस अंगणात पडून होतं... आणि त्या तीन दिवसांत मला माझ्याच आईबद्दल एक गोष्ट कळली.

दार सागवानी, पश्चिमेला तोंड केलेलं. दुपारचं ऊन आणि खारा वारा खाऊन पार रया गेली होती. बाबा होते तोवर दर दिवाळीआधी स्वतः ऑइल पेंटचा एक हात मारायचे. ते गेल्यापासून कोणी ब्रशच लावला नाही. पोपडे सुटले होते आणि खालचं लाकूड राखेच्या रंगाचं झालं होतं.

यंदाच्या थंडीत भूकंपाचे किती धक्के बसले, ते डहाणू-तलासरीवाल्यांना वेगळं सांगायला नको. मध्यंतरी एक जोराचा बसला तेव्हा मी वाणगावला शाळेत शिकवत होते, आई घरी एकटी. गल्लीतले सगळे बाहेर पळाले... आई आलीच नाही. शेजारच्या हंसाबेन बाहेरून दार ढकलत होत्या आणि आई आतून म्हणत होती, "अडकलंय, उघडत नाही."

दहा मिनिटांनी उघडलं. धक्का तर कधीच थांबला होता. पण हंसाबेननी फोनवर हे सांगितलं तेव्हा मी तास अर्धा सोडून तडक घरी निघाले.

त्यानंतर आई नाशिकला दादाकडे जाऊन राहायचं म्हणायला लागली. चाळीस वर्षं याच घरात काढलेली बाई... मला ते बघवेना. म्हटलं, आधी दार नीट करून घेऊ.

तलासरीकडच्या एका पाड्यावरून रूपजीकाका आले. भाताची कामं आटोपली की ते सुतारकाम करतात. साठी उलटलेली, बोलणं मोजकं. त्यांनी दार चार वेळा उघडलं, मिटलं, चौकटीवरून हात फिरवला.

"ताई, हे कुठंच अडकत नाही."

मला पटलं नाही. म्हटलं, तरी सगळा रंग काढून नवीन पॉलिश करा.

बिजागऱ्या सोडवून दार अंगणात दोन बाकांवर आडवं टाकलं. काका पत्र्याने रंग खरवडत गेले... निळा, त्याखाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा. बाबांच्या इतक्या दिवाळ्या भुसा होऊन खाली पडताना बघून थोडं गलबललं. मीही रजा टाकून पॉलिश पेपर घेऊन बसले. बोटांची सालं निघाली, पण आत नव्या गुळाच्या रंगाचं लाकूड दिसायला लागलं आणि हात थांबेचना.

संध्याकाळी दार नुसतं चौकटीला टेकवून ठेवायचो, सकाळी परत बाकांवर. दिवसभर घर सताड उघडं, म्हणून आई उंबऱ्याशीच बसलेली असायची. हंसाबेन भाजी निवडायला तिच्याजवळ यायच्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहा घेता घेता काकांनी विचारलं, "वरची कडी कोण लावतं?"

"आईच," मी म्हणाले. "एकटी असताना वरचीच लावायची, असं मीच सांगितलंय तिला."

काका आईकडे वळले. "आई, कालपासून बघतोय, चहा तुम्ही डाव्या हाताने देता. उजवा वर जातो का?"

आईने हात उचलून दाखवला... छातीपर्यंत आला आणि थांबला.

सहा महिने खांदा आखडलेला होता. एकाच घरात राहून मला पत्ता नाही. रोज मी गेले की ती स्टुलावर चढून डाव्या हाताने कडी लावायची, मी यायच्या आत पुन्हा चढून काढायची. त्या दिवशी जमीन हलत असताना तिला स्टुलावर चढता आलं नाही, आणि थांबल्यावरही चढायचा धीर व्हायला दहा मिनिटं गेली. दार अडकलं नव्हतंच.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"तुझी शाळा, जाणं-येणं... त्यात माझं कुठे," ती म्हणाली.

रूपजीकाका बाकावरचा भुसा झटकत म्हणाले, "माझी बायकोपण लपवायची. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

मग कोणी न सांगता त्यांनी वरची कडी काढली, स्क्रूची भोकं लाकडाने बुजवली. नवीन कडी कमरेच्या उंचीवर लावली, डाव्या हाताने सहज सरकेल अशी. तिसऱ्या दिवशी पॉलिशचा शेवटचा हात वाळल्यावर दार चढवलं आणि आईला दहा वेळा उघडायला लावलं. अकराव्यांदा ती स्वतःहून उघडून बाहेर आली आणि हसली.

खांद्याचं आता डॉक्टरांकडे सुरू आहे. परवा सकाळी पुन्हा धक्का बसला. मी चप्पल शोधत होते... बाहेर आले तर आई हंसाबेनच्या शेजारी उभी राहून मलाच हाका मारत होती. नाशिकचा विषय तिने परत काढलेला नाही.

दाराचं सगळे कौतुक करतात आणि ते झालंयही देखणं. पण रूपजीकाका, तुम्ही दार बघायला आलात आणि माझ्या आईकडे बघितलंत, जे मी सहा महिने केलं नव्हतं. तुमचे आभार कसे मानायचे ते मला अजून सुचलेलं नाही.