खांबावरची मोकळी जागा

पेंटरला स्वस्थ बसणं जमत नसे. जेवतानाही त्याचा डावा हात खिशातल्या मोबाइलवर. बायको म्हणायची, "अहो, अंडं आहे का ते उबवायला?"

त्याचं काम साधं. शेजारच्या देशातून येणारी गॅसची पाइपलाइन जमिनीखालून जायची. तिच्यावरच्या पिवळ्या खांबांवर तो अक्षरं रंगवायचा. खणू नका. वास आल्यास फोन करा. खाली राज्य सरकारच्या कार्यालयाचा नंबर.

मग केंद्र सरकार म्हणालं, सीमा ओलांडून येते ती पाइपलाइन आमच्या अखत्यारीत. राज्य म्हणालं, जमीन आमची, वर राहणारी माणसंही आमची. राज्यघटनेचा अर्थ लावायला दोघं कोर्टात गेले आणि घोंगडं भिजत पडलं. तोवर खांबावर कुणाचाच नंबर नको, असं ठरलं. हक्क दोघांना हवा होता. फोन कुणालाच नको होता.

'फोन करा'खालची ती मोकळी जागा पेंटरला पाहवेना. शेवटचा खांब त्याच्या थोरल्या बहिणीच्या कुंपणाला लागून होता. ताई गुडघ्यांनी अधू. त्याने तिथे स्वतःचा नंबर रंगवला. मग हात थांबेना, सगळ्याच खांबांवर तोच नंबर गेला. तेव्हापासून फोन वाजला की दचकायचं आणि वाजला नाही की चालू आहे ना ते बघायचं.

एका दुपारी ताईचा फोन आला. "अरे, कुंपणापाशी शिट्टीसारखा आवाज येतोय. वासही."

"काही पेटवू नकोस. बटणाला हात लावू नकोस. शेजारच्या वहिनींना हाक मार आणि लांब जा."

त्याने राज्याच्या कार्यालयात फोन लावला. "ते केंद्राचं." केंद्राच्या कार्यालयात लावला. "प्रकरण कोर्टात आहे, राज्याला विचारा." त्याने पुन्हा केंद्राचा नंबर फिरवला.

"साहेब, राज्याची माणसं व्हॉल्व्ह बंद करायला निघालीत."

"कुणाला विचारून?" पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मग राज्याला. "साहेब, केंद्राची गाडी निघाली."

"आमच्या जमिनीवर?"

तो पोचला तेव्हा व्हॉल्व्हच्या चाकाला दोन्हीकडची माणसं झोंबत होती. "हात काढा!" "तुम्ही काढा!" या ओढाताणीत चाक फिरलं, शिट्टी विरली.

रस्त्यापलीकडे ताई वहिनींच्या खुर्चीवर बसली होती. "तुझा नंबर पाठ नव्हता रे. खिडकीतून खांबावरचा वाचला."

संध्याकाळी दोन्ही कार्यालयांनी फोन केला. तो नंबर पुसा. एवढ्या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी त्याने एकेक खांब पुसला. शेवटचा पुसून रंगाचा डबा घेऊन ताईच्या घरात शिरला.

"ताई, ही भिंत कुणाच्या अखत्यारीत?"

"माझ्या. मोठ्या अक्षरांत लिही, चष्मा सापडत नाही."

रंग वाळायच्या आत तो शेजारच्या दारात उभा होता. "वहिनी, तुमची भिंत?"